छपरावरचा फवारा : पैसे वाचतात की वाहून जातात?

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारच्या वेळी लोणावळ्यातल्या आमच्या गल्लीत एक तरुण मोटारसायकलवरून आला. घराघरांच्या छपरांकडे मान वर करून पाहत तो नेमका आमच्या दाराशी थांबला. अम्मींनी त्याला बसायला सांगितले, पाणी दिले. पाणी पिऊन होताच त्याने मोबाइलवर एक चित्रफीत लावली. एक माणूस पंपाने जुन्या काळवंडलेल्या छपरावर काहीतरी फवारतो आहे आणि मग त्याच छपरावरून पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत खाली येत आहेत.

"सर, मॅडम, एकदा फवारा मारला की दहा वर्षं छपराकडे बघायचं नाही. नवं छप्पर टाकायला दीड-दोन लाख जातील. आमचं काम चौरस फुटाला फक्त पंचावन्न रुपये," तो म्हणाला.

आमचे घर सगळे मिळून आठशे चौरस फुटांचे. म्हणजे ४४,००० रुपये. दोन दिवसांत होकार दिला तर काही सूटही मिळणार होती. आमच्याकडे त्या वेळी पासबुकात बरोबर पंचेचाळीस हजार होते. लेकीने नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. ते पैसे तिच्या प्रवेशासाठी दोन वर्षे थोडे थोडे करून साठवलेले. पण दुसरीकडे मागच्या खोलीचे छत गळत होते. आदल्या पावसाळ्यात अम्मींनी आपली खाट तीनदा हलवली होती. सत्तरीच्या माणसाने रात्री उठून बादल्या सरकवायच्या, हे आम्हाला पाहवत नव्हते. लेकीची फी की अम्मींचे छत, असा तो पेच होता.

आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो. अम्मी मात्र त्या चित्रफितीकडे न पाहता छताच्या ओल्या डागाकडे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पहले ये तो देखो, पानी आता कहाँ से है."

आम्ही त्या तरुणाचा नंबर ठेवून घेतला आणि दोन आठवडे चौकशी केली, छपरावर चढलो, मिस्त्रींना विचारले, हिशेब मांडला. आता एक पूर्ण पावसाळाही पाहून झाला आहे. मावळात या दिवसांत अनेक घरांसमोर हाच प्रश्न असतो. म्हणून आमचा अनुभव चुकांसकट इथे मांडत आहोत.

तीस टँकरचे गणित

शाळेत आम्ही मुलांना एक सोपी गोष्ट शिकवतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचे आठशे चौरस फूट म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. याचा अर्थ आमच्या छपरावर एका पावसाळ्यात जवळजवळ तीन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे तीस टँकर एकामागून एक घरावर रिकामे करावेत, तसे हे झाले.

शिवाय हे पाणी सरळ वरून पडत नाही. घाटातून येणारा वारा पावसाला आडवा मारतो आणि थेंब कौलांच्या खालून, पत्र्याच्या सांध्यातून वर ढकलले जातात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत छप्पर क्वचितच कोरडे होते, त्यामुळे शेवाळ धरते. पूर्वेला कामशेत, वडगाव, तळेगावकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. म्हणून तळेगावच्या नातेवाइकांच्या गच्चीवर जो कोट पाच वर्षे टिकला, तो लोणावळ्यात तितकाच टिकेल असे धरून चालता येत नाही. विक्रेत्याने दाखवलेली छपरे कुठली आहेत, हा पहिला प्रश्न यासाठीच विचारायचा.

फवारा म्हणजे नेमके काय?

चौकशी केली तेव्हा कळले की 'फवारा' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली वस्तू डांबरी शिंगलसाठी असते. लोणावळा-खंडाळ्यातल्या काही बंगल्यांवर कौलांसारखे दिसणारे पण पातळ, रंगीत, खरखरीत तुकडे असतात, ती ही शिंगल. आत फायबरग्लासचे कापड, त्यावर डांबराचा थर आणि वर बारीक रंगीत खडे, अशी तिची रचना असते. अमेरिकेत बहुतेक घरांवर हेच छप्पर असते. उन्हाने वर्षानुवर्षे डांबरातला तेलाचा अंश कमी होतो, शिंगल कडक होते, तडकते आणि खडे सुटू लागतात. त्यावर तिकडे सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या तेलापासून केलेले द्रव फवारतात. ते डांबरात मुरते आणि शिंगल पुन्हा थोडी मऊ होते. एका फवारणीने पाच वर्षे आयुष्य वाढते, असे विकणारे सांगतात.

दुसरी वस्तू म्हणजे रंगासारखा रबरी थर. गच्चीवर किंवा पत्र्यावर तो वाळला की ताणला जाणारी एक साल तयार होते. तिसरी वस्तू सिलिकॉनचे पातळ पाणी. ते कौलात किंवा विटेत मुरते आणि पाणी शोषून घेण्याचे प्रमाण कमी करते.

या तिन्ही वस्तू खऱ्या आहेत आणि आपापल्या जागी उपयोगाच्याही आहेत. पण शिंगलचे तेल स्लॅबवर काही करत नाही आणि सिलिकॉनचे पाणी भेग भरत नाही. आमच्या दारी आलेल्या तरुणाला आम्ही नंतर फोनवर विचारले की, तुमच्या डब्यात यांतले काय आहे? तो म्हणाला, "सगळ्या छपरांना चालतं." त्याच उत्तराने आम्ही सावध झालो.

चाचांच्या बंगल्याची गोष्ट

आमचे एक चाचा एका बंगल्याची देखभाल करतात. मालक मुंबईचे. बंगल्यावर शिंगलचे छप्पर आहे, पंधराएक वर्षांचे. दिवाणखान्यात भिंतीलगत गळायचे. मालकांनी फवारणी करून घेतली होती. आम्ही चाचांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला शिडीवर चढवून सगळे दाखवले.

फवारणीच्या आधी कामगारांनी जोराच्या पंपाने छप्पर धुतले. शेवाळ गेले, छप्पर नव्यासारखे दिसू लागले. पण धुतल्यावर पन्हळीत ओंजळीने खडे सापडले. शिंगलचे उन्हापासून रक्षण हे खडेच करतात, आणि सुटलेला खडा कोणत्याही तेलाने परत चिकटत नाही. पुढच्या पावसाळ्यात दिवाणखाना पुन्हा तिथेच गळला. मग एका जुन्या मिस्त्रींनी पाहिले, तर छप्पर आणि वरच्या मजल्याची भिंत जिथे मिळते तिथली पत्र्याची पट्टी गंजून उचलली गेली होती. त्यांनी ती बदलली आणि गळती थांबली. फवारणीला जो खर्च आला त्याच्या मानाने पट्टीचा खर्च अगदी किरकोळ होता.

"शिंगल गळतच नव्हती, गळत होता सांधा," चाचा म्हणाले.

म्हणजे शिंगलवरची फवारणी वायाच जाते का? तसेही नाही. शिंगल कडक होऊ लागली आहे, पण खडे जागेवर आहेत, तडे नाहीत, गळती नाही, आणि मालकाला नव्या छपराचा खर्च काही वर्षे पुढे ढकलायचा आहे, अशा वेळी ती विचारात घेता येईल. अशा वेळी हिशेब वर्षाचा करावा. समजा नव्या छपराला १०० रुपये लागतात आणि ते वीस वर्षे टिकते, तर वर्षाला पाच रुपये पडले. फवारणीला २० रुपये लागले आणि खरोखर पाच वर्षे मिळाली, तर वर्षाला चार रुपये. थोडा फायदा झाला. पण तीनच वर्षे मिळाली, तर वर्षाला पावणेसात रुपये. सौदा तोट्याचा. आणि हेही लक्षात ठेवावे की, अमेरिकेत शिंगल तयार करणाऱ्या कारखानदारांची जी संघटना आहे, ती बसवलेल्या शिंगलवर नंतर वरून लेप चढवण्याची शिफारस करत नाही. छप्पर अजून कंपनीच्या हमीत असेल, तर आधी त्या कंपनीलाच विचारलेले बरे.

आमची तीन छपरे

शिंगल बंगल्यांवर. आपल्या घरांवर काय असते? आमच्या एकाच घरावर तीन प्रकार आहेत, आणि मावळातल्या बऱ्याच घरांची हीच कथा असेल. समोर जुनी मंगलोरी कौले, स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे आणि मागे १९९६ साली बांधलेली स्लॅबची खोली. त्याच खोलीत अम्मी झोपतात. आम्ही तिन्हींचा वेगवेगळा विचार केला.

*कौले.* बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि तेव्हापासून ही खाचेची कौले सगळीकडे पसरली. कौल स्वतः फारसे गळत नाही. कौल सरकते, फुटते, खाचेत माती आणि शेवाळ साचते, आढ्यावरच्या कोन्यांचा चुना-सिमेंट सुटतो, आणि पाणी तिथून आत येते. सिलिकॉन मारल्याने शेवाळ जरा कमी धरेल, पण फुटलेले कौल त्याने सांधत नाही. अब्बा होते तेव्हा दरवर्षी मे महिन्यात माणूस बोलावून घर शाकारून घेत. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. अब्बा गेल्यावर आम्ही ते करणे सोडून दिले आणि गळती सुरू झाली. म्हणून तेच पुन्हा केले. मिस्त्री आणि बिगारी दोन दिवस, साठ जुनी कौले, आढ्याला सिमेंट. खर्च ५,४०० रुपये. हल्ली लोक कौले काढून स्लॅब टाकतात, त्यामुळे चांगली जुनी कौले स्वस्तात मिळतात. फक्त खाचा जुळतात की नाही ते पाहून घ्यावे, कारण प्रत्येक कारखान्याचे माप थोडे वेगळे असते.

*सिमेंटचे पत्रे.* इथे आम्हाला सगळ्यात मोठा धडा मिळाला. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असतो तोवर ते सिमेंटात बांधलेले राहतात. पण पत्रा तारेच्या ब्रशने घासला, जोराच्या पंपाने धुतला, ड्रिल मारले किंवा फोडला, की ते तंतू सुटतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तो आजार कित्येकदा वीस-तीस वर्षांनी दिसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबाबत निकाल दिला होता. फवारणीवाले मात्र कोट मारण्याआधी पत्रा 'घासून स्वच्छ' करतात, तेही अंगणात मुले खेळत असताना! आमचे पत्रे तडकलेले होते. म्हणून कोट न मारता ते बदलायचे ठरवले.

पत्रे काढताना ते आधी पाण्याने भिजवले, बोल्ट सोडवून अखंड उतरवले, कटर लावला नाही. काम करणाऱ्यांना चांगले मास्क दिले आणि मुलांना दिवसभर खालांकडे पाठवले. तुटके तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधले. जमीन कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसली. असे तुकडे कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा न्हाणीच्या आडोशाला वापरू नयेत. ते कुठे द्यायचे हे नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारावे. नव्या रंगीत लोखंडी पत्र्यांसह हा खर्च १६,५०० रुपये झाला.

पत्र्याच्या बाबतीत आणखी एक. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि घाट चढून मावळातही शिरले. घरांचे, शाळांचे पत्रे उडाले. पत्रा धरून ठेवतात ते हुक आणि बोल्ट. ते गंजले असतील तर वरचा महागडा कोट पत्र्याबरोबरच उडून जाणार. पत्र्यावर एक रुपया खर्च करण्याआधी बोल्ट आणि त्यांचे रबरी वायसर पाहा. पुष्कळदा गळती तिथूनच असते.

*स्लॅब.* तिन्ही छपरांत कोट मारण्याजोगे हे एकच होते. पण त्याआधी स्लॅब आतून धडधाकट आहे का, हे पाहावे लागते. आम्ही चार गोष्टी पाहिल्या. खालून गिलावा फुगून गंजलेल्या सळ्या दिसतात का? तशा दिसत असतील तर कोटाने काही होत नाही, इंजिनिअरला दाखवावे. वरून हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? गच्चीवर दोन बादल्या ओतल्यावर पाणी कुठे साचते? आणि चौथी गोष्ट ओलीची. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी प्लॅस्टिकच्या आत घाम दिसला, तर स्लॅबमध्ये अजून ओल आहे, कोट लावू नये.

आमची गळती सापडली ती दोन ठिकाणी. कठडा आणि स्लॅब मिळतो त्या कोपऱ्यात एक लांब भेग होती, आणि पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडाशी सिमेंट सुटले होते. स्लॅबचा मधला भाग ठणठणीत होता. अम्मींचा प्रश्न इथे सुटला. मिस्त्रींनी भेग कोरून भरली, कोपऱ्याला सिमेंटचा उतरता काठ केला, पाइपाचे तोंड बसवले आणि पाणी साचत होते तिथे उतार काढून दिला. हे झाल्यावरच रबरी कोटाचे दोन हात दिले, पहिला आडवा, दुसरा उभा. कोपऱ्यांवर मध्ये फायबरची जाळी घातली. पंप न वापरता ब्रश आणि रोलरने केले, कारण छोट्या गच्चीवर फवाऱ्याने थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो आणि वाऱ्याने निम्मा शेजारच्यांच्या कपड्यांवर जातो. सगळे मिळून १३,६०० रुपये लागले.

डब्यातले लिटर मोजा

पावसाचे गणित कोटालाही लागू पडते. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरले तर थर एक मिलिमीटरचा होतो. त्यातले अर्धे पाणी उडून गेले, तर वाळलेला थर राहिला अर्धा मिलिमीटर. आमच्या स्लॅबचे क्षेत्र २८ चौरस मीटर. त्यावर आम्ही ३० लिटर वापरले.

त्या तरुणाने आठशे चौरस फुटांना किती माल लागेल असे सांगितले होते? वीस लिटरचा एक कॅन! ७४ चौरस मीटरवर वीस लिटर म्हणजे ओला थर पाव मिलिमीटरच्या जवळपास आणि वाळल्यावर त्याचा निम्मा. पोस्टकार्डापेक्षाही पातळ. त्यावर तीस टँकर पाणी आणि दहा वर्षांची हमी!

म्हणून वाचकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. भाव चौरस फुटाचा सांगितला तरी लिटरचा प्रश्न जरूर विचारा. डब्यावर किती लिटरने किती जागा होते ते छापलेले असते. बंद डबे आपल्यासमोर उघडायला लावा आणि रिकामे डबे मोजा.

आमच्याकडून झालेली चूक

सगळे शहाणपण आम्हीच केले असे वाटायला नको. परीक्षा, पेपर तपासणे, निकाल या गडबडीत स्लॅबचे काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबले. जून लागायला वेळ आहे, असे आम्ही समजत होतो. पण गेल्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात दाखलही झाला. शेवटचा कोपरा आम्ही दोन सरींच्या मधे, वरून कोरडा दिसतो म्हणून उरकला. प्लॅस्टिकची चाचणी तिथे केली नाही. जुलैमध्ये त्या कोपऱ्यात कोटाला पुरीसारखे फुगे आले. या एप्रिलमध्ये तेवढा भाग खरवडून पुन्हा करावा लागला. काम एप्रिलमध्ये संपवायचे, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, हा नियम आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

आणि अशा कोटाकडून किती अपेक्षा ठेवायची? आमच्याकडे काम केलेले मिस्त्री म्हणतात की लोणावळ्यात दोन-तीन वर्षांनी वरून एक हात द्यावाच लागतो. आम्ही तेच धरून चाललो आहोत. घराच्या रंगासारखी ही देखभाल आहे. ज्यांची गच्ची फारच जुनी आहे, ते लोक वरून पत्र्याची उतरती शेड टाकतात. ती महाग पडते, पण मुसळधार पावसात सगळ्यात जास्त भरवशाची. मात्र त्यासाठी आधी नगरपरिषदेची परवानगी घ्यावी.

हमीचा कागद

दहा वर्षांची हमी देणारी संस्था स्वतः किती वर्षांची आहे, हे विचारायला लाजू नये. हमी तोंडी नको, बिलावर हवी. त्यात मालाचे नाव, किती लिटर, किती हात, आणि गळल्यास काय करून देणार हे लिहिलेले असावे. बारीक अक्षरांत 'भेगा, सांधे आणि पाणी साचणे यांची जबाबदारी आमची नाही' असे लिहिलेले असेल, तर त्या हमीत काहीच उरले नाही, कारण पाणी तिथूनच येते. पूर्ण पैसे आधी देऊ नयेत. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायची, असे ठरवून घ्यावे. प्रामाणिक माणूस याला सहसा नाही म्हणत नाही.

पक्के बिल असले तर तक्रारीची सोय आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल नसेल तर मात्र तक्रार सिद्ध करणे फार अवघड जाते.

हीच गोष्ट मशिदीच्या छपरालाही लागू आहे. मावळातल्या एका छोट्या गावातल्या मशिदीत, जिथे आमचे नातेवाईक राहतात, चंद्याच्या पैशांतून दोनदा गच्चीला कोट मारला गेला आणि दोन्ही वेळा घुमटाच्या मुळाशीच पाणी झिरपले. घुमट आणि गच्ची मिळतात तो सांधा कोणी दुरुस्तच केला नव्हता. चंदा म्हणजे लोकांची अमानत. तिथे तर तीन जणांकडून लेखी दर मागवणे, मिस्त्रीकडून गळतीची जागा लिहून घेणे आणि काम झाल्यावर जमातीसमोर हिशेब ठेवणे, एवढे व्हायलाच हवे. तिसऱ्या वेळी त्यांनी तसे केले.

हिशेब

कौले ५,४००, पत्रे १६,५००, स्लॅब १३,६००. एकूण ३५,५०० रुपये. फवारणीच्या ४४,००० मध्ये आमचे तडकलेले पत्रे तसेच राहिले असते, फुटकी कौले तशीच राहिली असती आणि कठड्याची भेग पातळ थराखाली झाकली गेली असती. वाचले ८,५०० रुपये. पासबुकातली रक्कम मोठ्या मानाने गेलीच, हे खरे. लेकीच्या प्रवेशाच्या वेळी तिच्या मामूंकडून उसने घ्यावे लागले आणि ते आम्ही आता दरमहा फेडत आहोत. पण तिचे वर्ष वाया गेले नाही. ती आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

पावसाळा कसा गेला? समोरच्या खोलीत एका जागी अजून टपकते. एक कौल पुन्हा सरकले असावे. स्वयंपाकघर कोरडे राहिले, मात्र लोखंडी पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होतो की एकमेकांशी ओरडून बोलावे लागते. मागच्या खोलीत फुगलेल्या कोपऱ्याखाली थोडी ओल दिसली, पण थेंब पडला नाही. अम्मींची खाट जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकाच जागी होती.

तुमच्या दारी असा कोणी आला, तर त्याला हाकलून देऊ नका. तोही पोटासाठी उन्हात फिरत असतो. त्याला बसवा, पाणी द्या आणि पाच गोष्टी विचारा. पाणी नेमके कुठून येते ते दाखवाल का? डब्यात काय आहे? किती लिटर वापरणार? याच पट्ट्यात केलेले, दोन पावसाळे पाहिलेले छप्पर दाखवाल का? आणि हे सगळे बिलावर लिहून द्याल का? पाचही उत्तरे नीट मिळाली आणि तुमचे छप्पर आतून धडधाकट असेल, तर कोट अवश्य करून घ्या. एका जरी प्रश्नाला 'ते तुम्ही काळजी करू नका' असे उत्तर आले, तर आधी शिडी लावून स्वतः वर चढा, किंवा भरवशाच्या मिस्त्रींना चढवा. मृगाला अजून थोडे दिवस आहेत. या रविवारी वर जाऊन एकदा पाहून घ्या.